शस्त्रक्रिया लपते, दुखणे लपत नाही

पहाडगंज म्हटले की दिल्लीकर मराठी माणसाला नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन आठवते. बाहेरगावच्या प्रवाशाला मात्र आठवतात ती नवी दिल्ली स्टेशनसमोरच्या मेन बाजारातली लॉजेस. फलाट क्रमांक 1 च्या बाजूने बाहेर पडून रस्ता ओलांडला की खोली मिळते. कामासाठी, परीक्षेसाठी, उपचारासाठी आलेली माणसे इथेच मुक्काम ठोकतात.

कल्पना करा, स्तनवृद्धीची शस्त्रक्रिया करून घेतलेली एक तरुणी अशाच एका खोलीत उतरली आहे. घरी सांगितले आहे, ‘ऑफिसचे ट्रेनिंग आहे.’ खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. परवा परतीची गाडी, तीही वरच्या बर्थची. सोबतीला कोणी नाही आणि बॅग भरलेली. शस्त्रक्रिया उत्तम झाली असली, तरी तिची खरी परीक्षा आता सुरू होणार आहे.

दुखते ते का?

सिलिकॉनचे पहिले स्तनरोपण अमेरिकेत ह्यूस्टन येथे 1962 साली झाले. त्यानंतर तंत्र पुष्कळ सुधारले, पण शरीराचा धर्म बदललेला नाही. इम्प्लांट एकतर स्तनग्रंथीच्या खाली बसवतात किंवा छातीच्या मोठ्या स्नायूखाली. स्नायू उचलून खाली जागा केली असेल, तर पहिले काही दिवस छाती आवळल्यासारखी वाटते, कोणीतरी वजन ठेवल्याचा भास होतो.

हाच स्नायू दार ढकलताना, शटर ओढताना, कणीक मळताना आणि हातावर जोर देऊन अंथरुणातून उठताना कामाला येतो. त्यामुळे दुखण्याची आठवण प्रत्येक कामात होते. सूज, काळेनिळे डाग, त्वचेचा बधिरपणा किंवा मधूनच वीज चमकावी तशी कळ, हे सारे बहुधा हळूहळू ओसरते. संवेदना पूर्ववत व्हायला काही महिनेही लागतात, तर क्वचित त्या पूर्ण परत येतही नाहीत.

चालायचे, पण उचलायचे नाही

विश्रांती म्हणजे दिवसभर पडून राहणे नव्हे. पहिल्या दिवसापासूनच थोडे थोडे चालावे. त्यामुळे पायाच्या नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. मात्र हात डोक्यावर ताणणे आणि वजन उचलणे टाळायचे. साधा हिशेब करा. 15 लिटर पाण्याने भरलेली बादली म्हणजे 15 किलो वजन! वरच्या फळीवरचा डबा, पाण्याचा हंडा, कडेवरचे मूल यांनाही काही आठवडे रजाच द्यायला हवी. लहान मूल असेल तर आपण बसावे आणि त्याला दुसऱ्या कोणी मांडीवर आणून द्यावे.

झोपताना पाठीवर, डोके व खांदे थोडे उंच ठेवून झोपावे. डॉक्टरांनी दिलेली आधाराची ब्रा सांगितले तितके दिवस घालावी. धावणे, उड्या, पोहणे, जिम आणि हातांवर भार येणारी सूर्यनमस्कार किंवा भुजंगासनासारखी आसने साधारण सहा आठवड्यांनंतर आणि तीही डॉक्टरांच्या परवानगीनेच. स्कूटर किंवा मोटार चालवण्याची घाई नको. गुंगी आणणारी औषधे बंद झालेली हवीत आणि अचानक ब्रेक दाबण्याची, हँडल वळवण्याची वेळ आली तर ते न दुखता जमायला हवे. सिगारेट, तंबाखू, मिश्री या काळात पूर्ण वर्ज्य, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो.

कर्करोगामुळे स्तन काढून पुनर्रचना केलेल्या स्त्रियांनी मात्र हे नियम जसेच्या तसे उचलू नयेत. काखेतील गाठी काढल्या असतील, तर खांदा आखडू नये म्हणून त्यांना वेगळे व्यायाम शिकवले जातात.

या खुणा दिसल्या तर?

दोन्ही बाजूंना थोडीफार सूज असणे स्वाभाविक. पण एकच बाजू अचानक फुगली, दगडासारखी घट्ट झाली आणि ठणका वाढला, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो. ताप, वाढती लाली, जखमेतून पू, पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर ‘सकाळी पाहू’ म्हणू नका. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना लगेच कळवा आणि ते भेटत नसतील तर जवळचे मोठे रुग्णालय गाठा. पहाडगंजहून 1916 साली सुरू झालेले लेडी हार्डिंग फार दूर नाही.

लपवण्याची किंमत

आता पुन्हा त्या तरुणीकडे पाहा. ट्रेनिंगहून परतलेली सून दुसऱ्या दिवशी धुणे घेऊन गच्चीवर जाणार नाही, तर घरात प्रश्न उठतील. ते टाळण्यासाठी ती बादली उचलेल आणि दुखले तरी हसेल. ताप आला तर डॉक्टरऐवजी क्रोसिन घेईल. डॉक्टरांनी घातलेली बंधने ती पाळू शकत नाही, कारण बंधन पाळले की गुपित फुटते!

शस्त्रक्रिया करायची की नाही, हा सर्वस्वी तिचा निर्णय. जगाला सांगण्याची गरज नाही. पण निदान एका माणसाला सांगायलाच हवे. पती, बहीण, मैत्रीण, कोणीही चालेल. बॅग उचलायला, औषधाची वेळ सांभाळायला, रात्री हाक मारायला. पहिली तपासणी होऊन डॉक्टरांनी होकार देईपर्यंत परतीचे तिकीट काढू नका. काढाल तेव्हा खालचा बर्थ मागा, कारण वरच्या बर्थवर चढताना सारा भार हातांवर येतो.

आणखी एक गोष्ट विसरू नये. इम्प्लांट जन्मभर पुरेल असे नसते. सिलिकॉनचे इम्प्लांट फुटले तरी कित्येकदा बाहेरून कळत नाही. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिली चित्रतपासणी पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करावी असे सुचवले आहे. इतकी वर्षे साथ करणारी गोष्ट सगळ्यांपासून लपवून कशी निभावेल? म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी ‘पुढचे सहा आठवडे माझी बादली कोण उचलणार?’ या प्रश्नाचे उत्तर शोधा. उत्तर मिळत नसेल, तर तारीख पुढे ढकला.