आधी न्यायाधीश, मग पोलीस

वाचकहो, शोफतीमचा पाराशा आपण दरवर्षी सिनेगॉगमध्ये ऐकतो. त्याच्या आरंभीच गावोगावच्या वेशीत न्यायाधीश आणि अंमलदार नेमण्याची आज्ञा आहे. न्यायाधीश म्हणजे शोफतीम, अंमलदार म्हणजे शोत्रीम. आज इस्राएलमध्ये पोलिसाला आपण 'शोतेर' म्हणतो, तो शब्द तेथलाच. त्या आज्ञेत न्यायाधीश आधी येतो आणि अंमलदार त्याच्या मागून. हा क्रम उलटला, दंडुका पुढे आणि न्याय मागे असे झाले, तर कायद्याच्या राज्याचे नाव तेवढे उरते. आज आम्हांला लिहायचे आहे ते या उलटलेल्या क्रमाविषयी, आणि आपल्या समाजाच्या मौनाविषयी.

३० जून २०१९ रोजी हैफाजवळच्या किर्यात हाइम येथे सॉलोमन तेका हा इथिओपियन कुळातला, विशीही न गाठलेला मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. तो पोलीस त्या वेळी कामावर नव्हता. आपल्या कुटुंबासह बागेत आला होता. गोळी आपण जमिनीवर झाडली, ती उसळून मुलाला लागली, असे त्याचे म्हणणे पडले. पुढे देशभर रस्ते अडले, टायर जळले. त्या दिवसांत आपल्या घरांतून काय ऐकू येत होते? "बस तीन तास अडकली." "या लोकांना काही शिस्त आहे का?" बस अडकल्याचे दुःख आपण बोलून दाखवले; मुलगा गेल्याचे दुःख किती जणांनी बोलून दाखवले? दुसऱ्याकडे बोट कशाला दाखवावे? आम्हीही तेव्हा गप्पच होतो. २०२० मध्ये आरोपपत्र आले ते निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे.

त्याआधी चार वर्षे, एप्रिल २०१५ मध्ये, होलोन येथे इथिओपियन कुळातल्या एका सैनिकाला दोन पोलिसांनी रस्त्यात मारले. अंगावर या देशाच्या सैन्याचा गणवेश होता, शेजारी सायकल होती. आरोप मात्र त्याच्यावरच आला, की त्याने पोलिसावर हात टाकला. जवळच्या कॅमेऱ्याने सारे टिपले होते म्हणून तो सुटला. पंतप्रधानांनी त्याला बोलावून आलिंगन दिले, त्याचे छायाचित्र सर्वत्र छापून आले. आणि जून महिन्यात, झटापट सैनिकानेच सुरू केली असे सांगून, पोलिसावरचा फौजदारी खटला दाखल करण्यापूर्वीच बंद झाला! आलिंगन मिळाले, न्याय राहिला. कॅमेरा नसता तर त्या मुलाचे काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता आम्ही जे लिहिणार आहो त्याने काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. पण न्यायाचा तराजू माणूस पाहून हलत असेल तर तो तराजू नव्हे. ऑक्टोबर २००० च्या दंगलीत पोलिसांच्या गोळ्यांनी तेरा अरब मेले. न्यायमूर्ती थिओडोर ओर यांच्या आयोगाने २००३ मध्ये अहवाल दिला, पोलिसांच्या गोळीबारावर कडक ताशेरे ओढले, आणि अरब नागरिकांना शत्रू समजून वागू नका असे पोलिसांना बजावले. २००८ मध्ये सरकारच्या कायदा सल्लागारांनी जाहीर केले, की एकाही पोलिसावर खटला होणार नाही. ३० मे २०२० रोजी यरुशलेमच्या जुन्या शहरात इयाद अल-हलाक हा मतिमंदांच्या संस्थेत जाणारा, ऑटिझम असलेला निःशस्त्र माणूस सीमा पोलिसाच्या गोळीने मेला. त्याची शिक्षिका जवळच ओरडून सांगत होती, की हा अपंग आहे. त्या भागात जागोजाग कॅमेरे आहेत, पण नेमक्या त्या क्षणाचे चित्र मिळाले नाही. जुलै २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने ती प्रामाणिक चूक मानून पोलिसाला निर्दोष सोडले. न्यायालयाचा निकाल आम्ही मानतो. पण चुका नेहमी एकाच बाजूच्या पदरात का पडतात, हे विचारण्याचा हक्क आम्ही सोडत नाही.

पोलिसांची चौकशी पूर्वी पोलीसच करीत. १९९२ मध्ये त्यासाठी न्यायखात्यात वेगळा विभाग झाला, ज्याला सारे 'महाश' म्हणतात. हे पाऊल योग्यच होते. पण पुढे कित्येक वर्षे त्या विभागातले तपासनीस पोलीस दलातूनच उसने आणलेले होते. कालचा सोबती आजच्या सोबत्याला काय तपासणार? कुंपणाने शेत खाल्ले तर दाद मागावी कुठे, आणि दाद घेणाराही कुंपणाचाच खांब असेल तर?

कोणी म्हणेल, पोलिसांचे काम सोपे आहे का? नाही. आपलीही मुलेमुली पोलिसांत आणि सीमा पोलिसांत आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी स्देरोतमध्ये आणि आसपास पोलीस पिस्तुले घेऊन मशीनगनवाल्यांसमोर उभे राहिले, आणि कित्येकांनी प्राण दिले. त्यांच्यापुढे आमचे मस्तक नम्र आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो, की रस्त्यात पोराला तुडवणारा आणि स्देरोतला प्राण देणारा यांचा गणवेश एकच असेल, तर पहिल्याला पाठीशी घालणारा दुसऱ्याच्या गणवेशावर डाग पाडतो. चौकशीने प्रामाणिक पोलिसाचे काय बिघडते?

"पण आपले काय जाते?" हा खरा प्रश्न आहे, आणि तो आपल्याच ओट्यावर विचारला जातो. २०१६ मध्ये त्या वेळचे पोलीसप्रमुख जाहीरपणे म्हणाले, की इथिओपियन तरुणाकडे अधिक संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. दिमोनाच्या, लोदच्या किंवा अश्दोदच्या रस्त्यावर रात्री उभा असलेला आपला सावळा नातू आणि तो तरुण यांतला फरक अंधारात कोणाला दिसणार आहे? आणि रंगाचे सोडा. २०२३ मध्ये तेल अवीवमध्ये न्यायव्यवस्थेसाठी निदर्शने करणाऱ्यांवर स्टन ग्रेनेड पडले, तेव्हा एकाचा कान गेला. जे हत्यार शेजाऱ्याच्या दारात चालू दिले, ते आपल्या दारात यायला वेळ लागत नाही.

शिवाय आपल्यावर एक जुने ऋण आहे. १९६२ मध्ये मुख्य रब्बीनताने आपल्या विवाहांबाबत वंशावळी तपासण्याचे फर्मान काढले, तेव्हा आपली वडीलधारी माणसे यरुशलेमला धरणे धरून बसली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये कनेसेटने ठराव केला, की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत. त्या वेळी इतर समाजांतले पुष्कळ लोक आपल्या बाजूने बोलले. आपले काय जाते, असे त्यांनी म्हटले असते तर? १९८५ मध्ये इथिओपियन बांधव त्याच रब्बीनतासमोर धरणे धरून बसले. त्यांची वाट आपल्याच वाटेवरून गेली आहे, हे आपण तरी विसरू नये.

मग करावे काय? ज्या देशातून आपण आलो तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये, डी. के. बसू खटल्यात, अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची स्पष्ट पट्टी हवी आणि अटकेची नोंद साक्षीदारासमोर व्हावी, असे बंधन घातले. तेथे ते किती पाळले जाते, हा वेगळा विषय. इस्राएलच्या कायद्यातही नावाची पट्टी आहेच. ती गर्दीत झाकली जाणार नाही एवढे पाहावे. अंगावरचा कॅमेरा बंद ठेवला तर त्याचा जाब द्यावा लागावा. चौकशीला मुदत असावी, आणि फाइल बंद करताना कारणे घरच्यांना लेखी कळवावीत. तपासणाऱ्या विभागावर पोलिसांचा वा मंत्र्याचा हात नसावा. आणि आपल्या मंडळांनी दर सणाला पुढाऱ्यांना हार घालतो तसा एकदा हा प्रश्नही त्यांच्या गळ्यात घालावा.

त्याच शोफतीम पाराशाच्या शेवटी एक विधी सांगितला आहे. रानात प्रेत सापडले आणि मारणारा कळला नाही, तर वडील मंडळींनी स्वतः तेथे जायचे, कोणते गाव सर्वांत जवळ आहे ते मोजायचे, आणि त्या गावच्या वडिलांनी हात धुऊन आपला या रक्ताशी संबंध नाही असे सर्वांदेखत सांगायचे. घरी बसून हात झटकायची सोय त्यात नाही. किर्यात हाइम आपल्या घरापासून किती दूर आहे, ते एकदा आपणही मोजून पाहावे.