वाट आठव्या वर्षीच अडते

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत शेवटची स्त्री उतरली ती १९७६ च्या ऑस्ट्रियन ग्रां प्रीमध्ये. तिचे नाव लेला लोंबार्डी. १९५० पासून आजवर साडेसातशेहून अधिक चालक या स्पर्धेत शर्यतीला उभे राहिले; त्यांत स्त्रिया दोनच, मारिया तेरेसा दे फिलिपिस आणि ही लोंबार्डी. आणखी तिघी पात्रता फेरीपर्यंत पोचल्या आणि तिथेच थांबल्या. एवढ्या आकड्यांवर निकाल लावून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. मला हा निकाल मान्य नाही.

पूर्वपक्ष मात्र त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. तो असा: धावणे, पोहणे, टेनिस यांत स्त्री-पुरुषांचे वेगळे गट असतात; मोटार शर्यतीत नसतात. घड्याळ कोणाची जात, देश, लिंग विचारत नाही. संघ हे धंदा करणारे संघ आहेत. उद्या एखादी खरोखर वेगवान स्त्री सापडली, तर तिच्या गाडीवर आपले नाव रंगवायला जगभरचे प्रायोजक रांग लावतील. तरीही इतक्या वर्षांत एकही आली नाही, याचा अर्थ तेवढी वेगवान स्त्री नाहीच. या युक्तिवादाला मग कधी शरीराची जोड मिळते, कधी मनाची. फॉर्म्युला वनचा अनेक दशकांचा सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन २०१६ मध्ये म्हणाला होता की स्त्रीला ही गाडी वेगाने चालवणे शरीराला झेपणार नाही. त्याआधी २०१३ मध्ये थोर चालक स्टर्लिंग मॉस याने स्त्रियांच्या मानसिक घडणीवरच बोट ठेवले होते.

मॉसचे विधान मला सर्वांत जास्त खुपते, कारण त्याचे उत्तर त्याच्याच घरात होते. त्याची धाकटी बहीण पॅट मॉस. १९६० साली लिएज-रोम-लिएज ही युरोपातली अत्यंत खडतर रॅली पॅट मॉस आणि अ‍ॅन विज्डम या दोघींनी ऑस्टिन-हीली गाडीतून जिंकली. स्त्रियांच्या गटाचे बक्षीस नव्हे, सगळ्या पुरुषांना मागे टाकून अख्खी रॅली. दोनच वर्षांनी पॅटने छोट्याशा मिनी कूपरमधून ट्यूलिप रॅली जिंकली. झोप मोडून, डोंगरातले अनोळखी रस्ते रात्रीच्या अंधारात तुडवत दिवसचे दिवस गाडी हाकणे, याहून मनाची वेगळी परीक्षा कोणती? आणि पुढे मिशेल मूतों आहेच. १९८१ मध्ये सानरेमोला जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. १९८२ मध्ये ऑडी क्वात्रोतून तिने पोर्तुगाल, ग्रीसमधली अ‍ॅक्रोपोलिस आणि ब्राझील अशा तीन रॅली जिंकल्या आणि जगज्जेतेपदासाठी वाल्टर र्‍योर्लशी थेट झुंज दिली. निर्णायक ठरलेल्या आयव्हरी कोस्टच्या रॅलीच्या तोंडावर तिचे वडील वारले. तरीही ती उतरली. विजेतेपद हुकले, ती जगात दुसरी आली. मनाच्या दुबळेपणाचा मुद्दा माझ्या लेखी इथे संपतो.

शरीराचा मुद्दा इतक्या झटक्यात निकालात काढता येत नाही. फॉर्म्युला वनमध्ये ब्रेक लावताना आणि वेगवान वळणावर चालकावर गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट जोर येतो; ब्रेकचे पेडल शंभर किलोहून अधिक बळाने दाबावे लागते; मान दीड-दोन तास तो ताण सोसते. सरासरी स्त्रीचे खांदे आणि दंड सरासरी पुरुषाइतके बळकट नसतात, हेही खरे. पण या गाड्यांत सरासरी पुरुष तरी कुठे बसतो? तिथे बसतो तो लहानपणापासून मान आणि खांदे कमावलेला माणूस, आणि कमावण्याची सोय स्त्रीलाही आहे. भारतीय वायुदलात २०१६ पासून स्त्रिया लढाऊ विमानांच्या वैमानिक आहेत. विमानातला जोर वेगळ्या दिशेने येतो, त्यामुळे ही तुलना मी शेवटपर्यंत ताणणार नाही. पण प्रशिक्षित स्त्रीचे शरीर असा जोर पेलू शकते, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

शर्यतीतलाच पुरावा हवा असेल तर अमेरिकेकडे पाहा. तिथल्या इंडीकार मालिकेतल्या गाड्यांना पॉवर स्टीअरिंग नसते. चाक हाताच्या जोरावर फिरवावे लागते. जॅनेट गथ्रीने १९७८ ची इंडियानापोलिस ५०० मनगट मोडलेले असताना चालवली आणि ती नववी आली. डॅनिका पॅट्रिक २००५ मध्ये तिथे चौथी आणि २००९ मध्ये तिसरी आली. २००८ मध्ये जपानमधल्या मोटेगीला तिने इंडीकारची शर्यत जिंकली. सिमोना दे सिल्वेस्ट्रो २०१३ मध्ये ह्यूस्टनच्या खडबडीत शहरी रस्त्यांवर दुसरी आली. २००५ साली तर वेगळेच घडले. डॅनिकाचे वजन कमी असल्याने तिच्या गाडीला गैरवाजवी फायदा मिळतो, अशी तक्रार रॉबी गॉर्डन या चालकाने जाहीरपणे केली. म्हणजे स्त्री मागे पडली तर तिचे शरीर दुबळे, आणि पुढे गेली तर त्याच शरीराचा फायदा अन्याय्य. दोन्ही आक्षेप एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. आता फॉर्म्युला वनमध्ये चालक आणि त्याचे आसन यांचे मिळून किमान वजन ठरवून दिलेले असल्याने हलकेपणाचा वादही उरलेला नाही.

सामान्य प्रेक्षकाला सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीला पॉवर स्टीअरिंग असते. तिच्या खालच्या फॉर्म्युला टू आणि फॉर्म्युला थ्रीच्या गाड्यांना नसते. शिखरावर जितके हाताचे बळ लागते, त्याहून जास्त शिखराच्या वाटेवर लागते! गाडी हलकी आणि स्वस्त ठेवण्यासाठी हा निर्णय झाला, स्त्रियांना अडवण्यासाठी नव्हे; परिणाम मात्र त्यांनाच जास्त भोगावा लागला. पुढे आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने फॉर्म्युला टूची नवी गाडी घडवताना तिच्या स्टीअरिंगला किती जोर लागतो हे मुद्दाम तपासले आणि त्यासाठी तात्याना काल्देरोन या स्त्री चालकाला चाचणीला बसवले. ज्याला निसर्गाचा नियम म्हटले जात होते, तो आराखड्यातला एक निर्णय होता आणि तो बदलता येतो.

राहिला तो घड्याळाचा आणि बाजाराचा मुद्दा, पूर्वपक्षाचा खरा कणा. घड्याळ लिंग पाहत नाही हे कबूल. पण घड्याळ गाडीचाही वेळ मोजते, आणि गाडी कोणाला कोणती मिळते हे घड्याळ ठरवत नाही. १९९२ मध्ये जोव्हाना आमाती ही इटालियन चालक ब्रॅबहॅम संघाकडून तीन वेळा पात्रता फेरीत उतरली आणि तिन्ही वेळा बाद झाली. फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत आजवर उतरलेली ही शेवटची स्त्री, आणि स्त्रियांना जमत नाही याचा दाखला म्हणून तिचेच नाव पुढे केले जाते. तिचा वेळ फार मागे होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण तिच्या जागी त्याच संघाने बसवलेला चालक कोण होता? डेमन हिल. तो त्याच गाडीतून आठ वेळा उतरला आणि त्यांतल्या सहा वेळा त्यालाही पात्रता गाठता आली नाही. हंगाम संपण्याआधीच संघ दिवाळखोरीत बुडाला. हिलला पुढे विल्यम्सची गाडी मिळाली आणि १९९६ मध्ये तो जगज्जेता झाला. आमाती हिलइतकी वेगवान होती असे मी मुळीच म्हणत नाही. ज्या गाडीत भावी जगज्जेता सहादा अपयशी ठरतो, त्या गाडीतल्या तीन अपयशांवरून निम्म्या मानवजातीचा निकाल लावता येत नाही, एवढेच म्हणतो.

लोंबार्डीचेही तसेच. १९७५ मध्ये बार्सेलोनाच्या मोंजुइक रस्त्यांवर एक गाडी कठडा ओलांडून प्रेक्षकांत घुसली, माणसे दगावली, शर्यत ७५ पैकी २९ फेऱ्यांवर थांबवली गेली. लोंबार्डी तेव्हा सहावी होती, म्हणून तिला अर्धा गुण मिळाला. फॉर्म्युला वनमध्ये स्त्रीच्या नावावर तेवढाच एक अर्धा गुण आहे, आणि तोही अपघाताने मिळालेला म्हणून मोजला जातो. पण त्याच वर्षी जुन्या न्यूर्बुर्गरिंगवर, जवळजवळ २३ किलोमीटरच्या एकेका फेरीच्या त्या भयंकर मार्गावर, ती पूर्ण शर्यत चालवून सातवी आली होती. तेव्हा गुण पहिल्या सहांनाच मिळत. आजच्या नियमाने सातव्या क्रमांकाला सहा गुण मिळतात.

आणि बाजार? वेगवान स्त्री मिळाली तर पैसा आपोआप धावत येईल, हे म्हणणे सिमोना दे सिल्वेस्ट्रोच्या बाबतीत साफ खोटे ठरले. २०१४ मध्ये झाउबर संघाने तिला पुढच्या हंगामासाठी तयार करायला घेतले. संघप्रमुख होती मोनिशा काल्टेनबोर्न, देहरादूनला जन्मलेली, फॉर्म्युला वन संघाची पहिली स्त्री प्रमुख. दार उघडणारी स्त्री, आत येणारीही स्त्री. तरी वर्ष संपण्याआधीच पैशांच्या अडचणीने करार फिसकटला. त्याच २०१४ मध्ये हॉकेनहाइमच्या पहिल्या सराव सत्रात सूझी वोल्फ पंधरावी आली. त्याच विल्यम्स गाडीतल्या फेलिपे मासापेक्षा सेकंदाच्या सुमारे दोन दशांशांनी मागे. मासा वर्षभर ती गाडी चालवत होता. तिच्या वाट्याला त्या मोसमात अशी दोनच सत्रे आली, आणि पहिल्या सत्रात तर काही फेऱ्यांतच इंजिनाने दगा दिला. शर्यतीतली जागा तिला कधीच मिळाली नाही.

आता माझे मंडन. चालक घडतो तो कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या कार्ट गाड्यांच्या शर्यतींत, सहाव्या-आठव्या वर्षापासून. तिथे मुलगा किती किलोमीटर चालवतो, त्याचे टायर किती वेळा बदलले जातात, शनिवार-रविवारी त्याला कोण घेऊन जाते, यावर त्याचे हात आणि डोळे घडतात. त्या वयात घरात एकच कार्ट घ्यायचे ठरले तर ते बहुतेक घरांत मुलाला मिळते. खरी चाळणी इथे लागते. पुढे फॉर्म्युला टूच्या एका हंगामाचा खर्च वीस लाख युरोंच्या पुढे जातो. आपल्या हिशेबात सुमारे वीस कोटी रुपये. शंभर मुलांमागे मोजक्या मुली सुरुवात करत असतील, तर टोकाला एकही न पोचणे हे साधे गणित आहे.

सोफी कुम्पेन हे नाव फार थोड्यांना माहीत असेल. ही बेल्जियन मुलगी कार्टिंगमध्ये यार्नो ट्रुली, जान्कार्लो फिसिकेला अशा पुढे फॉर्म्युला वनमध्ये गेलेल्यांच्या बरोबरीने धावत होती. १९९५ मध्ये तिने इटलीतली मानाची आंद्रेआ मार्गुत्ती ट्रॉफी जिंकली. पुढे लग्न झाले, मूल झाले, शर्यती सुटल्या. ते मूल म्हणजे चार वेळचा जगज्जेता मॅक्स व्हर्स्टापेन. त्याच्या वेगाचे श्रेय सारे जग त्याच्या वडिलांना देते.

स्त्रियांची वेगळी स्पर्धा काढणे हाच त्यांचा अपमान, असे म्हणणारा एक वर्ग आहे, आणि त्यात काही उत्तम स्त्री चालकही आहेत. त्यांचे दुखणे मला समजते. डब्ल्यू सिरीज २०१९ मध्ये निघाली; तिचे तिन्ही हंगाम जेमी चॅडविकने जिंकले; तरी फॉर्म्युला थ्रीचे दार तिला उघडले नाही. पैसा संपल्याने २०२२ मध्ये स्पर्धाच अर्ध्यावर थांबली. चॅडविक अमेरिकेत गेली आणि २०२४ मध्ये रोड अमेरिकाच्या मार्गावर पुरुषांबरोबरची इंडी एनएक्सटी, म्हणजे इंडीकारच्या खालच्या पायरीची शर्यत जिंकून आली. २०२३ पासून एफ-वन अकॅडमी सुरू आहे. तिच्यामागे फॉर्म्युला वनचे सगळे संघ उभे आहेत, तिथे एका मुलीला दोनच हंगाम मिळतात, आणि २०२४ ची विजेती अ‍ॅबी पुलिंग हिला ब्रिटनच्या जीबी-थ्री मालिकेतली जागा पूर्ण खर्चासह मिळाली. त्याच वर्षी पुलिंगने ब्रिटिश फॉर्म्युला फोरमध्ये मुलांना हरवून शर्यत जिंकली होती. ही दिशा बरोबर आहे, म्हणून मी वेगळ्या स्पर्धेच्या बाजूने आहे. मात्र ती पुढच्या पायरीवर नेते तोवरच. अकॅडमीची गाडी फॉर्म्युला फोरच्या पातळीची आहे. तिच्यापासून फॉर्म्युला वनपर्यंतच्या मधल्या दोन-तीन महागड्या पायऱ्यांवर मुलीच्या खर्चाची हमी कोणी घेत नाही, आणि सुपर लायसन्ससाठी, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये शर्यतीला उतरण्याच्या परवान्यासाठी, लागणारे ४० गुण तर मुख्यतः त्याच पायऱ्यांवर मिळतात.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याचे आहे. डायना पुंडोले ही शिक्षिका आणि दोन मुलांची आई. स्त्रियांसाठी घेतलेल्या एका चालक-शोध मोहिमेतून ती या खेळात आली आणि २०२४ मध्ये मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर एमआरएफ सलून गटात पुरुषांना मागे टाकून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. संसार मांडून झाल्यावर संधी मिळालेली स्त्री जर हे करते, तर चेन्नई, कोइमतूरचे मार्ग तिला आठव्या वर्षी दिसले असते तर काय झाले असते, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक आईबापाने स्वतःला विचारावा. बायकांच्या गाडी चालवण्यावरचे विनोद मुलीसमोर फॉरवर्ड करताना तर जरूर विचारावा. इंडियन रेसिंग लीगने प्रत्येक संघात एका स्त्री चालकाची जागा ठेवली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण तिथपर्यंत पोचणाऱ्या मुली कार्टिंगमध्येच तयार व्हाव्या लागतील.

फॉर्म्युला वनमध्ये स्त्रीसाठी राखीव जागा मी मागत नाही. तशी जागा मिळालेल्या चालकाला पहिल्याच चुकीला उपकाराची आठवण करून दिली जाईल, आणि पुढच्या दहा जणींची वाट बंद होईल. मागणी त्याच्या खालची आहे. २०२५ पासून प्रत्येक संघाला वर्षात चार सराव सत्रे नवख्या चालकांना द्यावीच लागतात. शिवाय जुन्या गाड्यांच्या खासगी चाचण्या चालतात. २०२३ मध्ये हंगेरीत अ‍ॅस्टन मार्टिनने जेसिका हॉकिन्सला अशाच एका चाचणीत गाडी दिली होती. प्रत्येक संघाने आपल्या अकॅडमीतल्या मुलीला फॉर्म्युला थ्रीचा पूर्ण खर्च द्यायचा, जुन्या गाडीत तिला भरपूर किलोमीटर चालवू द्यायचे, आणि गुण कमावले की त्या चार सत्रांपैकी एक तिच्या नावावर लावायचे. ज्या संघांच्या एका हंगामाच्या खर्चाची मर्यादाच दहा कोटी डॉलरच्या वर आहे, त्यांना हे परवडत नाही असे कोणी सांगू नये.