ट्रॅक्टर भंगारात देण्याआधी

अमेरिकेत २००३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांत बॉनेट आणि डिकीच्या दिव्याच्या स्विचमध्ये पारा असायचा, जेमतेम १ ग्रॅम. गाडी चेपून भट्टीत गेली की त्याची वाफ हवेत, तिथून पाण्यात, मग माशांत. म्हणून २००६ पासून तिथं देशभर मोहीम झाली: गाडी चेपण्याआधी स्विच न फोडता काढायचा आणि झाकणाच्या डब्यात वेगळा ठेवायचा.

आपल्याकडं जुन्या गाड्या मोडीत काढायचे नवे नियम १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेत. पण शेतीचा ट्रॅक्टर, ट्रॉली, पॉवर टिलर, हार्वेस्टर त्यातून वगळलेत. माझं म्हणणं, कुणी विचारणार नाही म्हणून तर हे काम आपलंच. बॅटरी उघड्यावर फोडली की ॲसिड आणि शिसं मातीत मुरतं, आणि शिसं वर्षानुवर्षं तिथंच राहतं.

तेव्हा भंगारवाला यायच्या आधी बॅटरी अख्खी काढा, उभी ठेवा, नवी घेताना दुकानात द्या. किमतीत तेवढी सूटही मिळते. इंजिन ऑइल कॅनमध्ये काढा, बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका. तासाभराचं काम आहे.

तुमच्या भागात जुनं ऑइल कोण घेतं, तेही सांगा.