ढाल कोणाची, यापेक्षा भात्यात बाण किती?

११ एप्रिल २०२४ रोजी कीव्हच्या दक्षिणेकडचे त्रिपिल्स्का औष्णिक वीजकेंद्र रशियन क्षेपणास्त्रांनी बेचिराख केले. पुढे एका मुलाखतीत युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांनी त्याचा हिशेब मांडला. अकरा क्षेपणास्त्रे आली, त्यांतली सात पाडली. उरलेल्या चारांनी केंद्र संपवले, कारण त्यांच्यावर डागायला काही शिल्लकच नव्हते. युरोपच्या हवाई संरक्षणाची सारी चर्चा या हिशेबापासून सुरू व्हायला हवी. प्रत्यक्षात ती अडकली आहे ढालीवर शिक्का कोणाचा असावा, या भांडणात.

भांडणाचे मूळ सर्वश्रुत आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये जर्मन चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स यांनी प्रागच्या भाषणात सामाईक हवाई संरक्षणाची कल्पना मांडली आणि ऑक्टोबरात पंधरा देशांनी ‘युरोपियन स्काय शील्ड’च्या इरादापत्रावर सह्या केल्या. आज हा आकडा विसाच्या पुढे आहे. जवळच्या पल्ल्यासाठी जर्मनीचे आयरिस-टी, त्यावर अमेरिकेचे पेट्रियट आणि सर्वांत वर इस्रायलचे ॲरो-३ अशी ही रचना. इटलीच्या साथीने स्वतःची साम्प-टी यंत्रणा बनवणारा फ्रान्स अर्थातच बाहेर राहिला.

फ्रान्सचा आक्षेप पोरकट नाही. परक्याच्या कारखान्यावर विसंबलेले संरक्षण ऐन वेळी दगा देते, असे राष्ट्राध्यक्ष माक्रों सांगत आले आहेत आणि त्याचा दाखलाही मिळाला. स्वित्झर्लंडने २०२२ मध्ये पाच पेट्रियट यंत्रणांचा करार केला; जुलै २०२५ मध्ये वॉशिंग्टनने कळवले की युक्रेनला अग्रक्रम असल्याने तुमची पाळी लांबली. इथवर फ्रान्सचे म्हणणे मान्य. मात्र त्यावरून ‘म्हणून युरोपीय तेच घ्या’ हा निष्कर्ष निघत नाही. गेपार्ड ही विमानविरोधी तोफयंत्रणा जर्मन. युक्रेनला त्या मिळाल्या, पण त्यांचा स्विस बनावटीचा दारूगोळा पुढे पाठवायला स्वित्झर्लंडने तटस्थतेचे कारण देऊन नकार दिला. अडवणूक करणारा देश युरोपच्या मधोमधच होता. कोंडी फुटली ती राइनमेटाल कंपनीने जर्मनीत त्या गोळ्यांचे उत्पादन पुन्हा सुरू केले तेव्हा. म्हणजे यंत्रणेच्या जन्मस्थानापेक्षा दोन गोष्टी निर्णायक ठरतात: दारूगोळा कुठे बनतो आणि तो वापरायला कोणाची परवानगी लागते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्रीत वीसेक रशियन ड्रोन पोलंडमध्ये घुसले; त्यांत फोम आणि प्लायवुडची फसवी ड्रोनही होती. त्यांच्यामागे एफ-३५ विमाने धाडावी लागली. रशिया वापरतो ते शाहेद ड्रोन हजारो डॉलरांचे आणि पेट्रियटचे पीएसी-३ एमएसई क्षेपणास्त्र सुमारे चाळीस लाखांचे. मग हा आतबट्ट्याचा धंदा कशाला, असे आक्षेपक विचारतात. त्यांचा तराजूच चुकला आहे. संरक्षक क्षेपणास्त्राची किंमत जे वाचले त्याच्याशी ताडायची असते. ऐन हिवाळ्यात अंधारात जाणारे शहर एका पारड्यात ठेवले, की चाळीस लाख डॉलर जड वाटत नाहीत. या आक्षेपातून एक धडा मात्र घ्यावा: स्वस्त लक्ष्यासाठी स्वस्त मारा हवा. जर्मनीने निवृत्त केलेल्या गेपार्डनीच युक्रेनमध्ये ड्रोन पाडून आपली उपयुक्तता सिद्ध केली. तोफांचा हा खालचा थर नसेल, तर महागडी क्षेपणास्त्रे प्लायवुडवर खर्ची पडतात, आणि शत्रूला हवे असते तेच.

तिसरे खंडन ढालीच्या भक्तांचे. युरोपवर अभेद्य छत्र उभे राहील, असे चित्र रंगवणे ही लोकांची फसवणूक आहे. आयरिस-टी एसएलएमचा पल्ला सुमारे चाळीस किलोमीटर. बॅलिस्टिक क्षेपणास्त्रापासून पेट्रियट वाचवते ते एखादे शहर किंवा तळ. जर्मनीने जवळपास चार अब्ज युरो मोजून घेतलेले ॲरो-३ डिसेंबर २०२५ मध्ये होल्त्सडोर्फ तळावर तैनात होऊ लागले. ते वातावरणाबाहेर मारा करते. कालिनिनग्राडमधून सुटणारे रशियाचे इस्कंदर क्षेपणास्त्र त्याहून खालून जाते, त्याच्यापुढे ॲरो निरुपयोगी. सारे आकाश झाकता येत नाही. कोणती बंदरे, वीजकेंद्रे, तळ आधी वाचवायचे, ही यादी सरकारांनी करायलाच हवी. ती केली की उघड्यावर राहणाऱ्यांना उत्तर द्यावे लागते, म्हणून छत्राची भाषा सोयीची पडते.

आता मंडन. शीतयुद्धात पश्चिम जर्मनीत हॉक आणि नायके क्षेपणास्त्रांचे पट्टे उभे होते आणि ते अनेक मित्रदेशांच्या तुकड्या सांभाळत होत्या. १९९० नंतर ते मोडीत निघाले. २०१२ मध्ये जर्मन लष्कराने आपले हवाई संरक्षण दलच बरखास्त केले. कारखान्यांनाही मागणी उरली नाही. पीएसी-३ एमएसईचे उत्पादन २०२४ मध्ये सुमारे ५०० होते, तेही साऱ्या जगासाठी. नवी यंत्रणा खरेदी केल्याची छायाचित्रे झळकतात, पण प्रत्येक यंत्रणा याच रांगेत आणखी एक गिऱ्हाईक वाढवते.

यावर उपाय आहे आणि त्याची सुरुवातही झाली आहे. जानेवारी २०२४ मध्ये नाटोच्या खरेदी संस्थेने जर्मनी, नेदरलँड्स, रोमानिया व स्पेनसाठी पेट्रियटच्या एक हजारापर्यंत जीईएम-टी क्षेपणास्त्रांचा करार केला. त्यासाठी बव्हेरियातील श्रोबेनहाउझेन येथे उत्पादन उभे राहत आहे. अमेरिकी परवान्याची अट त्यातही सुटत नाही, हे खरे. पण कारखाना, कारागीर आणि साठा युरोपात असला, की ती अट घालणाऱ्याशी बोलण्याचे बळ वाढते. साम्प-टीच्या ॲस्टर क्षेपणास्त्रांनाही हाच न्याय लावावा: फ्रान्सने स्वदेशीचे प्रवचन आवरून उत्पादन वाढवावे, मग गिऱ्हाईक आपोआप येईल. डेन्मार्कने २०२५ मध्ये पेट्रियट सोडून साम्प-टी निवडले, ते वेळेवर मिळण्याचा हिशेब मांडूनच.

साठे पडून राहतील, पैसा वाया जाईल, अशी कुरकूर होईलच. पण हल्लेखोरही मोजणी करत असतो. तो आधी फसवी ड्रोन पाठवून भाता रिकामा करतो आणि मग खरा घाव घालतो. म्हणून युरोपातल्या प्रत्येक संसदेने खरेदीला मंजुरी देताना संरक्षणमंत्र्यांना एवढेच विचारावे: सलग हल्ल्यांच्या पाचव्या रात्री डागायला किती उरेल, आणि सहाव्या दिवशी नवा माल कुठून येईल? याचे उत्तर ज्या करारात नाही, तो जर्मन असो, फ्रेंच असो वा अमेरिकी, त्यावर सही करू नये.