मुक्या जिवाची तरतूद

लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी एक समारंभ योजिला होता. तत्कालीन युवराज चार्ल्स यांच्या हस्ते रतन टाटा यांना त्यांच्या दानकार्याबद्दल जीवनगौरव प्रदान केला जाणार होता. सुहेल सेठ यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी, की ऐनवेळी टाटांनी येणे रद्द केल्याचे कळविले. टँगो आणि टिटो या त्यांच्या दोन कुत्र्यांपैकी एक अतिशय आजारी पडला होता आणि त्याला सोडून निघणे त्यांना शक्य नव्हते. हे कारण ऐकून युवराज रागावले नाहीत. माणूस असावा तर असा, या अर्थाचे उद्गार त्यांनी काढले.

पिंपरी-चिंचवडच्या वाचकांना टाटा हे नाव परके नाही. इंडिका ही गाडी ज्या कारखान्यातून बाहेर पडली तो याच पिंपरीचा, आणि त्याच्या भोंग्यावर या शहरातील कित्येक घरांचा दिनक्रम चालला. परंतु येथे विचार करायचा आहे तो उद्योगपती टाटांचा नव्हे, तर एका वृद्ध, व्याधिग्रस्त कुत्र्याच्या पालकाचा. कारण हा प्रसंग आज आपल्या समाजातील अनेक घरांत येऊन ठेपला आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टामुळे घरात एक पिल्लू आले. मुले पुढे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बंगळुरूला, कोणी अमेरिकेला गेली. चिंचवडगावातील जुने घर सोडून कुटुंब रावेतला किंवा मोशीला उंच इमारतीत राहावयास आले. पिल्लू मात्र तेथेच राहिले, आणि बघता बघता म्हातारे झाले. मोठ्या जातीचा कुत्रा सात-आठ वर्षांतच वार्धक्याकडे झुकतो, लहान जातीचा थोडा उशिरा. मग सांधे आखडतात, मूत्रपिंडे थकतात, हृदय कमकुवत होते, डोळ्यांवर मोतीबिंदू चढतो. या व्याधी बहुधा बऱ्या होत नाहीत. त्या सांभाळाव्या लागतात. चार दिवसांच्या तापात धावपळ करणारे पुष्कळ असतात. दोन वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ गोळी देणारा, रात्री तीनदा उठून पायऱ्यांपर्यंत नेणारा, ओली सतरंजी न चिडता बदलणारा मनुष्य विरळा असतो. दयेची खरी परीक्षा या दुसऱ्या ठिकाणी होते.

टाटांनाही ती द्यावी लागली होती. आपल्या एका कुत्र्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी ते त्याला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात घेऊन गेले. परंतु उशीर झाला होता. सांधा बदलता आला नाही, तो एका स्थितीत कायमचा स्थिर करावा लागला. हा अनुभव त्यांनी स्वतः सांगितला आहे. आपल्या देशात असे सुसज्ज रुग्णालय का असू नये, हा प्रश्न त्यातूनच बळावला. मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे १६५ कोटी रुपये खर्चून उभारलेले लहान प्राण्यांचे रुग्णालय जुलै २०२४ मध्ये सुरू झाले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, टाटांचे निधन झाले.

उशीर हा या व्याधींचा सर्वांत मोठा साथीदार आहे. मूत्रपिंडे निकामी होऊ लागलेला कुत्रा एकाएकी निपचित पडत नाही. तो आधी नेहमीपेक्षा जास्त पाणी पितो, वारंवार लघवी करतो, हळूहळू वाळतो, त्याच्या तोंडाला दुर्गंधी येते. घरातील माणसे म्हणतात, वय झाले. वय हा आजार नव्हे. सात वर्षे उलटल्यावर वर्षातून किमान एकदा, शक्य तर दोनदा, रक्त व लघवीची तपासणी करून घेतली, तर पुष्कळ काळ हाती राहतो. योग्य पथ्य, वेळेवर औषध आणि गरज पडल्यास त्वचेखाली दिले जाणारे सलाईन यांवर असे प्राणी अनेकदा बरेच दिवस समाधानाने जगतात. हे सलाईन घरी कसे द्यावे, हेही पशुवैद्य शिकवितात.

पथ्याच्या बाबतीत जैन स्वयंपाकघर एका अर्थी भाग्यवान आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतात, आणि ते या घरांत मुळातच नसतात. पण अन्य धोके आहेत. मनुका आणि द्राक्षे कित्येक कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडवितात. प्रभावनेत मिळालेल्या सुक्या मेव्याचे पाकीट खाली ठेवताना हे ध्यानात असावे. चॉकलेट तर विषच. खाखरा, पापड, फरसाण यांतील मीठ थकलेल्या हृदयाला झेपत नाही आणि तुपातील मिठाई स्वादुपिंडाला सोसत नाही. माणसाची वेदनाशामक गोळी आपल्या मनाने कधीही देऊ नये. साधी वाटणारी गोळीही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. शाकाहाराविषयीही एक शब्द सांगितला पाहिजे. कुत्र्याला शाकाहारावर ठेवता येते, परंतु केवळ दूध-पोळीवर नव्हे. त्याच्या आहाराचे मोजमाप पशुवैद्याकडून करून घ्यावे, आणि व्याधी जडल्यावर तर अवश्य.

आता एक नाजूक गोष्ट. अनेक घरांत चौविहार पाळला जातो. सूर्यास्तानंतर अन्नही नाही आणि पाणीही नाही. श्रद्धेने पाळलेला हा नियम वंदनीय आहे. पण काही घरांत त्याच ओघात कुत्र्याची पाण्याची वाटीही उचलून ठेवली जाते. रात्री पाणी प्यायला की तो लघवीसाठी उठवितो, हेही त्यामागे एक कारण असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला रात्रभर पाण्यावाचून ठेवणे म्हणजे त्याची व्याधी आपल्या हाताने वाढविणे होय. पच्चक्खाण माणसाने घेतलेले असते; त्या मुक्या जिवाने ते घेतलेले नाही. व्रताचे पुण्य स्वेच्छेत असते. दुसऱ्यावर लादलेल्या उपवासाला व्रत म्हणता येत नाही.

यासाठी नवे शास्त्र शोधण्याची आवश्यकता नाही. श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत आणि प्रतिक्रमणात आपण त्यांची आलोचना करतो: बांधून ठेवणे, मारणे, अंगाचा छेद करणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. कित्येक शतकांपूर्वी हे सांगितले गेले तेव्हा समोर बैल, घोडे, गायी असतील. पण वृद्ध कुत्र्याच्या जीवनावर ही यादी ठेवून पाहावी. आखूड साखळीला दिवसभर बांधणे हा पहिला अतिचार. घरात घाण केली म्हणून काठी उगारणे हा दुसरा. रात्रीची पाण्याची वाटी उचलणे हा पाचवा. हे दोष घडतात ते आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाच्या बाबतीत, म्हणूनच ते श्रावकाला विशेष जपावयास सांगितले आहेत.

भोसरी, चाकण या भागांत आपल्या समाजाची गोदामे आहेत, लहान-मोठे कारखाने आहेत. तेथे राखणीसाठी कुत्रा असतो. तो तरुण असतो तोवर पहारेकरी त्याचे कौतुक करतो. पुढे त्याला ऐकू येईनासे होते, मागचे पाय लटपटतात, आणि फाटकाजवळच्या साखळीवर त्याचे उरलेले आयुष्य सरते. कारखाना दुसरीकडे हलला तर यंत्रांची यादी होते, भंगाराचीही होते. कुत्र्याचे नाव कोणत्याच यादीत नसते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने अशा प्राण्याला टाकून देणे, आखूड साखळीवर अवाजवी काळ ठेवणे आणि अन्नपाण्यावाचून ठेवणे हे गुन्हे ठरविले आहेत. पहिल्या गुन्ह्यासाठी त्यात दंड आहे तो दहा ते पन्नास रुपयांचा. कायद्याने लावलेली ही किंमत पाहिली, म्हणजे धर्माने लावलेल्या किमतीचे महत्त्व कळते.

व्यापारी समाजाने कुत्र्यांसाठी केवळ हळहळ व्यक्त केली नाही, याला इतिहासाची साक्ष आहे. १८३२ सालच्या जून महिन्यात इंग्रज सरकारच्या शिपायांनी मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला. ६ जूनला पारशी लोक त्याविरुद्ध रस्त्यावर आले. दुसऱ्या दिवशी पारशांबरोबर जैन व हिंदू व्यापाऱ्यांनीही दुकाने बंद ठेवली आणि बाजार थंडावला. पुढे १८३४ साली मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. तिच्यामागे सर जमशेटजी जीजीभाई होते आणि शेठ मोतीशा होते. ज्यांचे नाव शत्रुंजयावरील टुंकेमुळे प्रत्येक यात्रेकरूला ठाऊक आहे, तेच हे मोतीशा. पूर्वजांना एवढे कळले होते, की म्हाताऱ्या व निरुपयोगी जनावराला रोज खायला लागते, आणि रोजच्या खर्चाला रोजची आवक लागते. म्हणून त्यांनी कायम चालणारी संस्था उभी केली.

एक प्रश्न सर्वांत कठीण. वेदना असह्य झाल्या आणि पशुवैद्याने सुईने शांत करण्याचा मार्ग सुचविला, तर काय करावे? आपला आचार प्राणहरणाला संमती देत नाही. संलेखनेचा दाखला येथे लागू पडत नाही. ती जाणतेपणी, स्वतःच्या संकल्पाने, स्वतःसाठीच घ्यावयाची असते. परंतु वेदना तशीच चालू देणे हीही अहिंसा नव्हे. वेदनाशमनाची चांगली औषधे आज उपलब्ध आहेत. ती पुरेशा मात्रेत द्यावीत असा आग्रह पालकाने धरला पाहिजे. आणि एवढे करूनही एखाद्या कुटुंबाला वेगळा निर्णय घ्यावा लागला, तर त्याचा न्याय शेजाऱ्याने करू नये. ते ओझे त्या कुटुंबानेच आपल्या प्रतिक्रमणात उतरवावयाचे असते.

जीवंधर कुमाराची कथा अशा वेळी आठवावी. लोकांनी मारून अर्धमेला केलेला एक कुत्रा त्याला वाटेत दिसला. त्याला वाचविणे शक्य नव्हते. कुमार त्याच्याजवळ बसला आणि त्याच्या कानात नवकार मंत्र म्हणू लागला. कुत्र्याचे परिणाम निर्मळ झाले आणि तो मरून यक्ष झाला, असे कथा सांगते. कुमाराजवळ त्या क्षणी औषध नव्हते, पण त्याने पाठ फिरविली नाही. आपल्या घरातील कुत्र्याच्या शेवटच्या रात्री त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसणे आणि शांतपणे नवकार म्हणणे, हे प्रत्येकाला शक्य आहे.

शेवटी तरतुदीविषयी. टाटांच्या मृत्युपत्राचा जो तपशील वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाला, त्यानुसार त्यांनी पाळीव प्राण्यांसाठी बारा लाख रुपये वेगळे ठेवले आणि प्रत्येक प्राण्यासाठी दर तिमाहीला तीस हजार रुपये खर्चावयास सांगितले. टिटोची देखभाल त्यांच्या जुन्या स्वयंपाक्याकडे सोपविली. त्यांच्या संपत्तीच्या मानाने ही रक्कम किरकोळ होती. महत्त्व आहे ते माणूस नेमण्याला आणि हप्ता ठरविण्याला. आपल्याकडे प्राण्याच्या नावे मालमत्ता करता येत नाही. त्यामुळे ज्येष्ठांच्या घरात वृद्ध कुत्रा असेल, तर मृत्युपत्रात सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव, तिची आगाऊ संमती आणि त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम स्पष्ट लिहावी. महिन्याच्या औषधांचा खर्चही घरखर्चात स्वतंत्र मांडावा. मग तो ऐनवेळचा भुर्दंड वाटत नाही.

पर्युषणात आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्यांतील बहुतेक जीव आपल्याला कधी दिसतही नाहीत. एक मात्र दाराशी पडलेला असतो, धूसर डोळ्यांनी पाहत. आज निजण्यापूर्वी त्याच्या वाटीत पाणी आहे की नाही, एवढे पाहावे.