विश्लेषण : आरेत रेडिओ खरखरतो, मग बूस्टर घ्यायचा का?

गोरेगावच्या महामार्गावरून दिनकरराव देसाई मार्गाने पवईकडे निघालात, की आरेच्या झाडीत उतार लागताच गाडीतला एफएम खरखरू लागतो. चढावर गाणे पुन्हा स्वच्छ ऐकू येते. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात यावर एकच उत्तर मिळते : ‘अँटेना बूस्टर लावा.’ आमच्या मते हा पहिला नव्हे, शेवटचा उपाय आहे.

आरेतच असे का होते?

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. १०० मेगाहर्ट्झवर लहरीची लांबी सुमारे तीन मीटर असते. एवढी आखूड लहर टेकडीला फारसा वळसा घालू शकत नाही. त्यामुळे सखल भागात गाडी रेडिओच्या ‘सावलीत’ जाते. दुसरीकडे, उंच इमारतींवर आपटून आलेली लहर मूळ लहरीशी टकरते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. सिग्नलला थांबल्यावर गाडी हातभर पुढे घेतली, की आवाज सुधारतो, तो यामुळेच.

बूस्टर नेमके काय करतो?

तो अँटेनाकडून आलेला सिग्नल वाढवतो. पण सोबत आलेली खरखरही तेवढीच वाढवतो. हवेत नसलेला सिग्नल तो निर्माण करू शकत नाही. अँटेना छोटी आणि केबल लांब असेल, तर अँटेनाच्या बुडाशी बसवलेला बूस्टर उपयोगी पडतो. स्टिरिओच्या मागे बसवला, तर केबलने वाटेत गोळा केलेला गोंगाटही वाढतो. शिवाय मुंबईत एफएम केंद्रे अनेक आणि त्यांचे प्रक्षेपण जोरदार. आधीच तगडा असलेला सिग्नल आणखी वाढवला, की रिसीव्हर गोंधळतो आणि एका केंद्रावर दुसरेच ऐकू येऊ लागते.

मग दोष कुठे शोधायचा?

नवा स्टिरिओ : ‘शार्क फिन’ किंवा काचेतल्या अँटेनात बहुतेकदा कंपनीचाच छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याला स्टिरिओकडून १२ व्होल्ट लागतात. बाहेरून अँड्रॉइड स्टिरिओ बसवताना ही वायर जोडायची राहिली, तर रेडिओ एकदम कमजोर होतो. म्हणजे बूस्टर गाडीत आहेच, फक्त उपाशी आहे.

आखूड अँटेना : एफएमसाठी पाव लहर, म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटरची काडी चांगली. शोभेसाठी बोटभर काडी लावली, की सिग्नल घटतो.

गंज : पावसाळ्यात अँटेनाच्या बुडाशी पाणी शिरून अर्थिंग बिघडते.

चार्जर : स्वस्त मोबाइल चार्जर, डॅशकॅम आणि एलईडी दिवे खरखर निर्माण करतात.

तपासणी कशी करायची?

आरेचा रस्ता यासाठी उत्तम. महामार्गावरही सगळी केंद्रे कमजोर असतील, तर दोष अँटेना, वायर किंवा जोडणीत आहे. चार्जर काढताच आवाज स्वच्छ झाला, तर चार्जर बदला. फक्त उतारावर आणि झाडीतच खरखर होत असेल, तर गाडी ठणठणीत आहे; दोष भूगोलाचा आहे. तिथे बूस्टरवर पैसे घालवू नका. हे सगळे तपासूनही रेडिओ कमजोरच राहिला, तर बूस्टरचा विचार करा आणि पसंत पडला नाही तर परत घेण्याच्या बोलीवरच घ्या.

फोनवर गाणी असताना एवढा खटाटोप कशाला?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य मुंबईकर गाड्यांत अडकले आणि मोबाइल नेटवर्क कोलमडले. रेडिओचे तसे होत नाही : एकाने ऐकला काय किंवा लाखोंनी, प्रक्षेपणावर भार वाढत नाही. आपत्तीत माहिती पोहोचावी म्हणूनच एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल कंपन्यांना फोनमधला एफएम रिसीव्हर बंद न ठेवण्याची सूचना केली. पण फोनच्या एफएमला बहुधा इअरफोनची वायर हीच अँटेना असते आणि ती आता अनेकांच्या खिशात नसते. गाडीच्या टपावर मात्र अँटेना आहे. पावसाळ्याआधी ब्रेक आणि वायपर तपासता, तेव्हा ऑटो इलेक्ट्रिशियनला एवढेच विचारा : ‘अँटेनाला करंट मिळतोय का?’