जड तलवारीचे हलके कौतुक



आज जरा तिखट लिहिणार आहे. नातेवाईकांपैकी काहींना लागेल. लागू दे.

हल्ली कुठल्याही सत्काराला शाल-श्रीफळाच्या जोडीला तलवार आलीच. मखमली म्यान, मुठीवर सिंहाचे तोंड, वर सोनेरी मुलामा, आणि पाते आरशासारखे चकचकीत स्टीलचे. पाहुणे ती उपसतात (अर्धी येते, अर्धी अडकते), फोटो निघतो, आणि देणारा कौतुकाने सांगतो, "साहेब, चांगली जड आहे बरं का!" माझा सगळा राग या 'जड' शब्दावर आहे.

छत्तीस वर्षे मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवले. निवृत्तीनंतर हौसेने एक धोप करवून घेतली. जुन्या मराठा धोपेची प्रतिकृती. लांब, जवळजवळ सरळ पाते, मुठीला बोटे झाकणारी परज, आणि धार मुद्दाम काढलेली नाही. घरी आणल्यावर नवी पेठेतल्या एका ओळखीच्या दुकानात काट्यावर ठेवली. १ किलो १८० ग्रॅम. दुकानदार हळहळला, "एवढीच, सर? फसवलं की तुम्हाला!"

नाही हो. फसला तो, ज्याने पाच किलोचा लोखंडी ठोकळा घरी आणला. संग्रहालयांत जपून ठेवलेल्या, एका हाताने चालवायच्या लढाऊ तलवारी साधारण एक ते दीड किलोच्याच असतात. मग ती मराठ्यांची असो, राजपुतांची असो, नाहीतर मध्ययुगातल्या युरोपातली असो. कारण अगदी साधे आहे. स्वाराच्या एका हातात लगाम असतो. दुसऱ्या हाताने वार करायचा, तो चुकला तर पाते हवेतच थांबवायचे, परत आणायचे, समोरच्याचा वार अडवायचा, आणि हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत. पाच किलोची तलवार एकदा खाली गेली की ती वर येईपर्यंत मालक शिल्लक राहत नाही! पटत नसेल तर पाच लिटरचा पाण्याने भरलेला कॅन हात लांब करून धरा आणि तीनदा गोल फिरवून दाखवा. मी माझी हलकी धोपसुद्धा दोन-तीन मिनिटांच्या वर फिरवू शकत नाही. पंचाहत्तरी उलटली हे खरे, पण आमच्या गल्लीतल्या जिममध्ये जाणाऱ्या पोरांचीही पाच मिनिटांत तीच गत झाली.

तरी मोबाइलवर रोज नवी वजने येतात. कुणाची तलवार वीस किलो, कुणाची चाळीस, कुणाची साठ. यात पूर्वजांचा गौरव आहे असे पाठवणाऱ्याला वाटते. मला तो त्यांचा अपमान वाटतो. ती माणसे लहानपणापासून रोज हात घोटून, घोडा आणि शस्त्र एकजीव करून लढली. आपण त्यांची सारी मेहनत पुसून टाकतो आणि त्या जागी हमालाचे दंड चिकटवतो.

दुसरे खूळ 'शुद्ध देशी'चे. एका प्रदर्शनात पाटी पाहिली, 'शंभर टक्के स्वदेशी मराठा तलवार'. अरे बाबांनो, मराठ्यांना परदेशी पाती आवडत होती! युरोपातून आलेले पाते घ्यायचे, त्याला आपल्या पद्धतीची मूठ बसवायची आणि तिला सरळ 'फिरंग' म्हणायचे. नाव लपवायची गरज त्यांना वाटली नाही. नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. पाते युरोपीय बनावटीचे, आणि त्यावर देवनागरीत रघूजींच्या नावाबरोबर 'फिरंग' हा शब्द सोन्याच्या अक्षरांत. १८७५-७६च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला कोल्हापूरच्या छत्रपतींकडून भेट गेलेली, लंडनमधली ती सुप्रसिद्ध तलवारही युरोपीय पात्याचीच. जे चांगले ते घ्यावे आणि आपल्या हाताला बसवून घ्यावे, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. आपण मात्र त्यांच्या नावाने खोट्या पाट्या लावतो.

उलट बाजूची गंमत सांगतो. माझ्या अमेरिकेतल्या भाच्याने मध्ययुगीन युरोपीय युद्धतलवारीची प्रतिकृती घेतली. क्रुसासारखी मूठ, सरळ दुधारी पाते. मोठ्या अभिमानाने फोटो पाठवला. चौकशी केली तर माल आपल्या डेहराडूनचा! तिथे १९४३ पासून एक कारखाना आहे, जगभरच्या संग्राहकांना आणि सिनेमावाल्यांना तो जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृती पुरवतो. पण भाच्याला कुणी 'अस्सल सरदाराची तलवार' म्हणून ती विकली नाही. प्रतिकृती म्हणून विकली, वजन-लांबी लिहून दिली.

इथे काही विद्वान मला विचारतात, "सर, शेवटी नकलीच ना ती?" सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. बाहेरगावी यंत्रावर काढलेली चादर 'सोलापुरी' नावाने विकतात, ती नकली. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळूनही हा धंदा थांबलेला नाही, आणि त्यात आमच्या विणकरांच्या पोटावर पाय येतो. पण एखाद्याने जुन्या चादरीचा नमुना समोर ठेवून, तसाच धागा वापरून, तशीच वीण घालून नवी चादर काढली आणि 'नवी आहे' असे सांगून विकली, तर तिला नकली कोण म्हणेल? वाघनखांचेच बघा. २०२४ मध्ये ती लंडनहून साताऱ्याच्या संग्रहालयात काही वर्षांसाठी आली. आपण इकडे ढोल वाजवले. ती देणाऱ्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने मात्र, हीच ती वाघनखे याची खात्री देता येत नाही, असे स्वच्छ सांगितले होते. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. माझ्या धोपेच्या म्यानावरही मी चिठ्ठी डकवली आहे, 'प्रतिकृती, धार नाही'.

आता घरच्या भांडणाकडे येतो, कारण निम्मे नातलग तेवढ्यासाठीच वाचत असतील. धाकट्या भावाच्या नातवाचा अठरावा वाढदिवस. त्याला केक कापायला माझी तलवार हवी होती. "आजोबा, एकदाच द्या की, फोटोपुरती." मी नाही म्हटले. संध्याकाळी भावजयीचा फोन, "भाऊजी, आयुष्यभर पोरांना तलवारीच्या गोष्टी सांगितल्यात तुम्ही, आणि आता एका तलवारीसाठी नातवाला तोडून बोललात?"

वहिनींचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण नाही. गोष्टी मी सांगितल्या, अजूनही सांगेन. त्या सगळ्या गोष्टींत तलवार उपसायला काहीतरी कारण होते. क्रीम लावायला कुणी उपसली नव्हती. शिवाय कायदा आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमाखालच्या नियमांत तलवारींचा आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांच्या शस्त्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. तलवारीने केक कापून फोटो टाकणाऱ्या पोरांवर महाराष्ट्रात ठिकठिकाणी गुन्हे दाखल झाले आहेत. 'शोपीस होती हो' हे ठाण्यात बसून सांगावे लागते. अठराव्या वर्षी अंगावर गुन्हा घेतला की पुढे नोकरीला, पासपोर्टला तो आडवा येतो. मी बोथट धोप ठेवतो ती भिंतीवर नाही, कुलपात ठेवतो. मिरवणुकीत नेत नाही, गाडीतून फिरवत नाही. ज्याला हे नियम जाचक वाटतात त्याने टपाल तिकिटे जमवावीत.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी ती बाहेर काढतो, पाते पुसून तेल लावतो. हाताच्या घामाने लोखंड गंजते, म्हणून फडके घेऊनच धरायची. त्या वेळी नातवाने यावे, मित्रांनाही आणावे. मुठीत पाते कसे बसते, जुने कारागीर ते लाखेने कसे घट्ट करत, मूठ इतकी आखूड का असते, हे हातात देऊन दाखवीन. काटाही आणून ठेवतो, वजन त्यानेच करावे. वहिनी, तुम्हीही या. पोहे आमच्याकडेच करू.